चमकणाऱ्या कणाला तापमान आणि दाब विचारताना

खडूच्या भुकटीसारखी पांढरी पूड काचेच्या पट्टीवर चिमूटभर पसरायची आणि तिच्यावर ९८० नॅनोमीटरचा लेसर सोडायचा. किरण डोळ्यांना दिसत नाही, पण तो पडतो तिथे पूड हिरवीगार उजळते. आता पट्टीखालचा हीटर सुरू करा. नुसत्या डोळ्यांना फारसा फरक कळणार नाही. स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावर मात्र ५२५ नॅनोमीटरजवळचा उंचवटा हळूहळू डोकं वर काढतो आणि ५४७ जवळचा त्याच्या तुलनेत बसत जातो. पुडीला कुठलीही तार जोडलेली नसते, तरी तापमान कळतं.

हा लेख चमकणाऱ्या कणांच्या प्रकाशावरून तापमान आणि दाब मोजण्याच्या कामात नुकतं पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राची पदवीपर्यंतची ओळख असेल तर पुरे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करून घ्या: हा कण जे तापमान सांगतो ते त्याचं स्वतःचं असतं. तो ज्या वस्तूवर बसलाय तिचं तापमान तेवढंच असेल, हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. दाबाचंही तसंच. आकडा हलला म्हणजे दाबच बदलला असं नाही, उष्णतेनेही तो हलतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच शंकेचं निरसन करण्यासाठी आहेत.

आधी आत काय घडतं ते

विरल मृदा, म्हणजे ज्यांना आपण सर्रास रेअर अर्थ म्हणतो ती मूलद्रव्यं. त्यांतली एर्बियम, यिटर्बियम, टर्बियम आणि यिट्रियम ही चार नावं स्वीडनमधल्या इटर्बी या एकाच खेड्यावरून पडली आहेत. या मूलद्रव्यांच्या आयनांत प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन ४एफ कवचात असतात आणि त्यांच्या बाहेर ५एस व ५पी कवचांचं पांघरूण असतं. त्यामुळे आजूबाजूच्या स्फटिकाचा त्यांच्यावर फार परिणाम होत नाही आणि त्यांच्या प्रकाशरेषा बारीक, ठळक राहतात. आपल्याला हव्या त्या अशाच रेषा.

एर्बियमच्या हिरव्या प्रकाशात दोन पट्टे आहेत. एक ५२५ नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा ५४५ ते ५५० च्या दरम्यान. दोन शेजारच्या ऊर्जापातळ्यांवरून इलेक्ट्रॉन खाली उतरताना ते निघतात आणि त्या पातळ्यांमध्ये साधारण ७०० ते ८०० सेमी⁻¹ (हे इथे ऊर्जेचं एकक आहे) इतकं अंतर असतं. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे २०८ सेमी⁻¹ भरते. म्हणजे वरची पायरी गाठणं अवघड आहे, पण अशक्य नाही. थोडे आयन वर चढतात, आणि तापमान वाढेल तसे आणखी चढतात. वर किती आणि खाली किती, हे बोल्ट्झमनच्या नियमाने ठरतं. दोन पट्ट्यांच्या तीव्रतांचं गुणोत्तर हीच आपली तापमापी.

गुणोत्तरच का घ्यायचं? लेसर थोडा मंदावला, पूड जराशी सरकली, फायबर हललं, तर दोन्ही पट्टे सारख्याच प्रमाणात कमी होतात आणि गुणोत्तर टिकून राहतं. एकाच पट्ट्याची तीव्रता मोजून तापमान काढायला गेलात तर यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या अंगावर येईल.

दाबाची गोष्ट वेगळी. स्फटिक दाबला की शेजारचे अणू जवळ येतात, पातळ्यांमधली अंतरं किंचित बदलतात आणि अख्खी रेषाच जागेवरून सरकते. म्हणून तिथे तीव्रतेऐवजी रेषेची तरंगलांबी मोजतात.

पहिली पायरी: काय मोजायचं ते कागदावर लिहा

हे सोपं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात. किती केल्विनपासून किती केल्विनपर्यंत? किती अचूकतेने? दाब असणार आहे का? नमुना पाण्यात आहे, हवेत की निर्वातात?

खोलीच्या तापमानापासून चार-पाचशे केल्विनपर्यंत काम असेल तर यिटर्बियमच्या जोडीने एर्बियम घ्या: यिटर्बियम लेसरचा प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा एर्बियमला देतो. शिकायला याहून चांगली जोडी नाही. हजार केल्विनच्या पुढे जायचं असेल तर डिस्प्रोसियमकडे वळावं लागतं, कारण त्याच्या दोन पातळ्यांमधलं अंतर जास्त, सुमारे १००० सेमी⁻¹ आहे आणि यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटमध्ये तो भरपूर उष्णता सोसूनही चमकत राहतो. पाण्यात काम असेल तर ९८० नॅनोमीटरचा लेसर पाणीही शोषून घेतं आणि तापतं. तिथे ८०८ नॅनोमीटरने उद्दीपित होणारा निओडिमियम बरा. दोन पातळ्यांमधलं अंतर ढोबळमानाने २०० ते २००० सेमी⁻¹ यांच्या मधे हवं. त्याहून कमी असेल तर गुणोत्तर तापमानाने फारसं हलत नाही आणि दोन रेषा एकमेकींत मिसळतात. जास्त असेल तर वरची पातळी जवळजवळ रिकामीच राहते.

दुसरी पायरी: पूड बनवणं

विकतची मिळाली तर पहिला महिना तीच वापरा. पण एकदा तरी स्वतः बनवाच. डोपिंग, म्हणजे यजमान स्फटिकात दुसरे आयन थोडेसे मिसळणं, ते हाताला कळतं.

यिट्रियम ऑक्साइड हा चांगला यजमान आहे. त्यातल्या यिट्रियमच्या जागी एर्बियम किंवा यिटर्बियम सहज बसतो, कारण तिघांचाही प्रभार अधिक ३ आणि आकार जवळपास सारखा. १ टक्का एर्बियम आणि २ टक्के यिटर्बियम घालायचं ठरवू. एकूण ०.०१ मोल पूड हवी असेल तर यिट्रियम ऑक्साइड २.१९०४ ग्रॅम, यिटर्बियम ऑक्साइड ०.०७८८ ग्रॅम आणि एर्बियम ऑक्साइड ०.०३८३ ग्रॅम. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा: अडतीस मिलिग्रॅम. तराजूत एका मिलिग्रॅमची चूक झाली तर एर्बियमचं प्रमाण अडीच टक्क्यांहून जास्त चुकतं. चार दशांशांचा तराजू, दारं बंद, पंखा बंद. यिटर्बियम जास्त घातलं तर उजेड वाढेल असं वाटतं. या यजमानात मात्र यिटर्बियम वाढवलं की लाल पट्टा जोर धरतो आणि आपल्याला हवा असलेला हिरवा मागे पडतो, म्हणून २ टक्क्यांवर थांबलो.

तिन्ही पुडी अगेटच्या खलात थोडं ॲसिटोन घालून किमान अर्धा तास घोटा. मग ॲल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये भरून १३०० ते १४०० अंश सेल्सिअसला काही तास भाजा. भट्टी थंड झाल्यावर पूड पुन्हा घोटून एकदा आणखी भाजली तर मिश्रण जास्त एकजीव होतं. नीट न भाजलेल्या पुडीच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट चिकटून राहतात आणि त्यांची कंपनं आयनांची ऊर्जा चोरतात. पूड मंद का चमकते याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

नंतर एक्सरे डिफ्रॅक्शन करून घ्या. पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. एर्बियम ऑक्साइडची रचना यिट्रियम ऑक्साइडसारखीच आहे, तेव्हा १ टक्का एर्बियम खरोखर आत शिरला की वेगळाच राहिला हे तो आलेख सहसा सांगू शकत नाही. यजमान शुद्ध आहे एवढंच त्यावरून म्हणा.

तिसरी पायरी: मांडणी, आणि डोळ्यांची काळजी

९८० नॅनोमीटरचा लेसर दिसत नाही म्हणूनच तो घातक आहे. डोळ्यात गेला तर पापणी मिटायची प्रतिक्रिया होतच नाही. ज्या चष्म्यावर ही तरंगलांबी छापलेली आहे असाच चष्मा घाला, रंग बघून कुठलाही उचलू नका. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. किरण कमरेच्या उंचीवर आडवा ठेवा, बसल्यावर तो डोळ्यांच्या रेषेत येता कामा नये. तो कुठे पडतोय हे इन्फ्रारेड कार्ड धरून तपासा.

पुढे हीटर, त्यावर धातूची पट्टी, पट्टीवर पूड. थर्मोकपल पट्टीच्या कडेला चिकटवू नका. पुडीच्या अगदी खाली छोटं भोक पाडून त्यात बसवा. कडेचं तापमान आणि मधलं तापमान यांत काही अंशांचा फरक सहज असतो, आणि तो सगळा फरक तुमच्या कॅलिब्रेशनमध्ये कायमचा जाऊन बसतो. पुडीतून येणारा प्रकाश भिंगाने गोळा करा, लेसर अडवणाऱ्या शॉर्टपास फिल्टरमधून न्या आणि फायबरने स्पेक्ट्रोमीटरकडे पाठवा.

खोलीतले दिवे बंद करा. हे मी अनुभवाने सांगतोय. सुरुवातीच्या दिवसांत माझ्या आलेखाचा उतार (तो कसा काढायचा ते पाचव्या पायरीत येईल) दर वेळी अपेक्षेपेक्षा कमी यायचा. पूड बदलली, थर्मोकपल बदलला, काही उपयोग झाला नाही. एका रात्री दिवे बंद ठेवून मोजलं आणि सगळे बिंदू रांगेत येऊन बसले. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची ५४६.१ नॅनोमीटरची रेषा नेमकी एर्बियमच्या दुसऱ्या हिरव्या पट्ट्यात पडते. माझ्या प्रत्येक गुणोत्तरात छेदाच्या, म्हणजे या दुसऱ्या पट्ट्याच्या, जागी एक स्थिर रक्कम गुपचूप मिळवली जात होती. तापमान वाढून पूड मंद झाली की त्या रकमेचा वाटा आणखी वाढायचा. डार्क स्पेक्ट्रम, म्हणजे पुडीच्या प्रकाशाशिवायची वजा करायची नोंद, मी फायबरला टोपी लावून घेतला होता, त्यामुळे तो वजा करूनही ट्यूबलाइट तशीच राहत होती. डार्क स्पेक्ट्रम घेताना टोपी लावू नका. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून फक्त लेसर बंद करा.

चौथी पायरी: तापवा, थांबा, मोजा

दर २० केल्विनला एक मोजणी पुरे. प्रत्येक टप्प्यावर थर्मोकपलचा आकडा स्थिर झाल्यानंतरही काही मिनिटं थांबा. पूड उष्णतेची चांगली वाहक नाही, ती मागून येते. वर जाताना मोजा आणि खाली येतानाही मोजा. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले नाहीत तर एकतर तुम्ही घाई केलीत, नाहीतर पूड तापून बदलली. दुसरी फेरी केली की यातलं खरं कारण कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हीटर बंद, पूड खोलीच्या तापमानाला. लेसरची शक्ती २०, ५०, १००, २०० मिलिवॅट अशी बदलत गुणोत्तर मोजा. गुणोत्तर स्थिर राहिलं तर निश्चिंत व्हा. शक्तीबरोबर ते चढत गेलं तर तुमचा लेसरच पूड तापवतोय, आणि पट्टीखालच्या थर्मोकपलला त्याचा पत्ताही नाही. शक्ती सांगताना ठिपक्याचा आकारही सांगा. १०० मिलिवॅट १ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात पडले तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३ वॅट होतात. तोच किरण भिंगाने ०.१ मिलिमीटरवर आणला तर सुमारे १३०० वॅट. नुसते मिलिवॅट लिहून काहीच कळत नाही. गुणोत्तर शक्तीसमोर मांडा आणि रेषा शून्य शक्तीपर्यंत मागे न्या. शून्यावर जे मिळतं ते नमुन्याचं तापमान. निर्वातात ही चाचणी पुन्हा करा. तिथे उष्णता वाहून न्यायला हवा नसते, म्हणून हवेत निरुपद्रवी ठरलेला लेसर निर्वातात पूड चांगलीच तापवू शकतो.

जास्त शक्तीला आणखी एक उपद्रव होतो. हिरव्या प्रकाशासाठी दोन फोटॉन पुरतात, पण आता एर्बियमचा आयन तिसरा फोटॉन घेऊन आणखी वरच्या पातळीवर जातो आणि तिथून उतरताना ५५५ ते ५६० नॅनोमीटरच्या आसपास एक परका प्रकाश सोडतो. तो हिरव्या पट्ट्याच्या शेपटीत मिसळतो आणि गुणोत्तर बिघडवतो. त्याला ओळखायचं कसं? ४१० नॅनोमीटरजवळ जांभळी रेषा दिसते का बघा. दिसली तर ती वरची पातळी भरते आहे, म्हणजे शक्ती कमी करा.

पाचवी पायरी: आकडेमोड

प्रत्येक पट्ट्याखालचं क्षेत्रफळ काढा, नुसती शिखराची उंची नको. पार्श्वभूमी वजा करा. क्षेत्रफळ कुठून कुठपर्यंत घ्यायचं त्या सीमा एकदा ठरवा आणि सगळ्या तापमानांना त्याच ठेवा. पहिल्या क्षेत्रफळाला दुसऱ्याने भागा, आलेल्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या आणि तो तापमानाच्या व्यस्तासमोर मांडा. तापमान केल्विनमध्येच हवं. सेल्सिअस घेतलं तर रेषा वाकते, आणि ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते.

सरळ रेषेचा उतार म्हणजे ऊर्जाफरक भागिले बोल्ट्झमनचा स्थिरांक. अंतर ७५० सेमी⁻¹ धरलं तर उतार सुमारे १०७९ केल्विन यायला हवा, ऋण चिन्हासह. उदाहरण म्हणून ३०३ केल्विनला गुणोत्तर ०.३०० आलं असं समजा. मग ३२३ केल्विनला ते ०.३७४ च्या आसपास यावं. तुमच्या उतारावरून अंतर ४०० किंवा १२०० सेमी⁻¹ निघत असेल तर तो नवा शोध समजू नका. पार्श्वभूमी, लेसरची उष्णता आणि पट्ट्यांच्या सीमा या तिन्ही गोष्टी पुन्हा तपासा.

स्पेक्ट्रोमीटर सगळ्या रंगांना सारखा संवेदनशील नसतो. त्याने उतार जवळपास बदलत नाही, पण रेषा वर किंवा खाली सरकते. म्हणून एका यंत्रावर केलेलं कॅलिब्रेशन दुसऱ्या यंत्रावर आंधळेपणाने वापरू नका.

सापेक्ष संवेदनशीलता काढायला उताराची किंमत तापमानाच्या वर्गाने भागा. ३०० केल्विनला १०७९ भागिले ९०,००० म्हणजे दर केल्विनला १.२ टक्के. ६०० केल्विनला तीच ०.३ टक्क्यांवर येते. ही पद्धत गरम बाजूला बोथट होत जाते हे आधीच माहीत असलेलं बरं. शेवटी, तापमान न बदलता लागोपाठ ५० स्पेक्ट्रम घ्या आणि गुणोत्तराचं प्रमाण विचलन काढा. ते ०.५ टक्के असेल तर ३०० केल्विनला तुमची अनिश्चितता ०.४ केल्विनच्या जरा वर आहे. निकाल लिहिताना संवेदनशीलतेपेक्षा हा आकडा महत्त्वाचा मानावा असं माझं ठाम मत आहे. संवेदनशीलता मोठी दाखवता येते, अनिश्चितता मात्र मोजावीच लागते.

सहावी पायरी: दाब

इथे हिऱ्यांची ऐरण, म्हणजे डायमंड ॲन्व्हिल सेल लागते. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धातूचं गॅस्केट, गॅस्केटमध्ये केसाएवढं भोक, त्यात नमुना, द्रव आणि दाब सांगणारा कण. कण काही मायक्रोमीटरचाच घ्या. मोठा असेल तर दोन्ही हिऱ्यांना टेकतो आणि सगळीकडून सारखा दाबला न जाता चेपला जातो. द्रव म्हणून चार भाग मेथॅनॉल आणि एक भाग इथेनॉल घेतलं तर सुमारे १० गिगापास्कलपर्यंत दाब सगळीकडून सारखा पडतो. एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणांइतका दाब.

या क्षेत्राची सुरुवात माणकाने झाली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की माणकाची ६९४.२ नॅनोमीटरची लाल रेषा दाबाबरोबर सरकते. दर गिगापास्कलला हे सरकणं ०.३६५ नॅनोमीटर भरतं. माणकात क्रोमियम असतो, विरल मृदा नव्हे, तरी आजही बहुतेक प्रयोगशाळा त्याच्याशीच तुलना करतात. त्याची एकच खोड आहे: ती रेषा उष्णतेनेही सरकते, दर केल्विनला सुमारे ०.००६८ नॅनोमीटर.

म्हणून समॅरियम. स्ट्रॉन्शियम टेट्राबोरेटमध्ये द्विसंयुजी समॅरियम घातला की ६८५.४१ नॅनोमीटरला एकच सडपातळ रेषा मिळते. ज्या दोन पातळ्यांमधून ती निघते त्या स्फटिकात फुटूच शकत नाहीत, म्हणून तिला जोडीदार रेषा नाही आणि शिखर शोधताना गोंधळ नाही. दाबाबरोबर ती दर गिगापास्कलला ०.२५५ नॅनोमीटर सरकते, उष्णतेने दर केल्विनला फार तर ०.०००१. आता दोघांना शेजारी ठेवू. सेल ५० केल्विनने तापली आणि तुम्ही ते विसरलात. माणिक ०.३४ नॅनोमीटर सरकेल आणि तुम्ही ०.९ गिगापास्कलचा खोटा दाब लिहाल. समॅरियमच्या बाबतीत हीच चूक ०.०२ गिगापास्कलची होईल.

ही पूड बनवण्यातली एक गंमत मला आजही थक्क करते. द्विसंयुजी समॅरियम मिळवायला एरवी हायड्रोजनची भट्टी लागते, पण या बोरेटमध्ये साध्या हवेत भाजूनही तो तयार होतो, कारण बोरॉन-ऑक्सिजनची घट्ट जाळी त्याला आत सांभाळते. काम जमलं की नाही, हे निळ्या किंवा जांभळ्या लेसरखाली बघा. ६८५ ला टोकदार रेषा असेल तर जमलं. ६०० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी पट्टेच जास्त दिसले तर समॅरियम बराचसा त्रिसंयुजीच राहिलाय.

दाब मोजण्याआधी स्पेक्ट्रोमीटरची तरंगलांबी निऑनच्या दिव्याने तपासा. ६७१.७० आणि ६९२.९५ नॅनोमीटरच्या रेषा आपल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सोयीस्कर पडतात. शिखर ०.०२ नॅनोमीटरने चुकलं तर दाब ०.०८ गिगापास्कलने चुकतो. सर्वांत उंच पिक्सेल कुठला तेवढं पाहून भागत नाही, रेषेला वक्र बसवा आणि त्याचं केंद्र घ्या. केंद्र ६८६.६९ आलं तर सरकणं १.२८ नॅनोमीटर, म्हणजे दाब ५.० गिगापास्कल. यापेक्षा खूप वर जायचं असेल तर सरळ रेषेचं हे गणित पुरत नाही, वक्र सूत्र वापरावं लागतं.

तापमान आणि दाब दोन्ही एकाच वेळी हवेत, तर दोन कण ठेवायचा मोह होतो आणि तो योग्यही आहे: तापमानासाठी एर्बियमचं गुणोत्तर, दाबासाठी समॅरियमची रेषा. फक्त एर्बियमचं गुणोत्तर दाबानेही थोडं बदलतं, कारण दाबाखाली त्या दोन पातळ्यांमधलं अंतर आणि त्यांची चमक दोन्ही बदलतात. त्यामुळे हवेत केलेलं तापमानाचं कॅलिब्रेशन ५ गिगापास्कलला जसंच्या तसं लावू नका. दोन-तीन दाबांना सेल बाहेरून माहीत असलेल्या तापमानापर्यंत तापवा आणि उतार पुन्हा काढा. काम कंटाळवाणं आहे, पण दोन कारणं वेगळी करायचा दुसरा मार्ग नाही.

सगळं झालं की स्क्रू सैल करा, दाब पूर्ण उतरू द्या आणि समॅरियमची रेषा शेवटची एकदा मोजा. ती ६८५.४१ वर परत यायला हवी. आली नाही तर वहीत तसं लिहा आणि त्या दिवसाचे दाबाचे आकडे कुठेही वापरण्याआधी निऑनचा दिवा पुन्हा लावा.